निवड की निरुपाय? : मराठी लघुनियतकालिकांची दृश्य मांडणी आणि शैलीचे प्रश्न

प्रस्तावना

साठोत्तरी मराठी साहित्याची चर्चा करताना लघुनियतकालिकांच्या चळवळीचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. या चळवळीने कोणते लेखक पुढे आणले, प्रस्थापित वाङ्मयीन संस्थांना कोणते आव्हान दिले, बोलीभाषेला आणि वर्ज्य मानलेल्या अनुभवांना कशी जागा करून दिली, यावर मराठीत बरेच लेखन झाले आहे. मात्र ही नियतकालिके डोळ्यांना कशी दिसत होती, त्यांचा कागद, अक्षर, आकार, मुखपृष्ठ आणि पानावरील मोकळी जागा यांचा त्यांच्या वाङ्मयीन भूमिकेशी काय संबंध होता, हा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिला. सामान्यतः त्यांच्या ओबडधोबड रूपाचे स्पष्टीकरण 'पैसा नव्हता' या एका वाक्यात दिले जाते. दुसऱ्या टोकाला, या रूपातील प्रत्येक गोष्ट ही जाणीवपूर्वक केलेली बंडखोरी होती, असेही मानले जाते. या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. तंत्राची मर्यादा, वाङ्मयीन भूमिका आणि देवनागरी लिपीचे स्वतःचे गुणधर्म या तीन घटकांच्या परस्परसंबंधातून लघुनियतकालिकांची दृश्य शैली कशी घडली, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

या विषयाला सांगली-सातारा परिसराचा एक विशेष संदर्भ आहे. ज्या सचित्र, सुबक नियतकालिक परंपरेला लघुनियतकालिकांनी नकार दिला, तिचे एक महत्त्वाचे केंद्र किर्लोस्करवाडी हे आज सांगली जिल्ह्यात आहे. चळवळीचे एक अग्रणी राजा ढाले यांचा जन्म सांगली जिल्ह्यातील नांद्रे या गावी १९४० मध्ये झाला, तर 'असो'चे संपादक अशोक शहाणे यांचा जन्म १९३५ मध्ये साताऱ्याचा. चळवळ मुंबई-औरंगाबादेत फोफावली असली तरी तिच्या आधीच्या आणि तिच्या स्वतःच्या इतिहासाचे काही धागे कृष्णाकाठी येऊन मिळतात.

१. पूर्वपीठिका : सुबकतेची परंपरा

मराठी नियतकालिकांनी दृश्य रूपाकडे लक्ष देण्याची परंपरा जुनी आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मासिक मनोरंजन'ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला आणि चित्रे, छायाचित्रे व सजावट हा वाचकाच्या अपेक्षेचा भाग बनला. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' सुरू झाले. कारखान्याच्या वार्तापत्राच्या स्वरूपात जन्मलेल्या या नियतकालिकाचे रूपांतर पुढे 'किर्लोस्कर' मासिकात झाले. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही मासिके त्याला जोडली गेली. संपादक शंकर वासुदेव किर्लोस्कर यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतलेले होते. त्यामुळे चित्र, व्यंगचित्र, शीर्षकाचे अक्षर आणि मजकूर यांचा मेळ घालण्याची दृष्टी या मासिकांत प्रारंभापासून दिसते. नांगराचे कारखानदार आणि मासिकाचे वाचक यांना जोडणारा एक समान विश्वास येथे होता : वस्तू नीट घडवलेली असावी, ती सर्वांना वापरता यावी आणि तिने आयुष्य सुधारावे.

दीनानाथ दलाल यांनी १९४५ मध्ये सुरू केलेल्या 'दीपावली'ने रंगीत चित्रांना मध्यवर्ती स्थान दिले. याच्या उलट दिशेला 'सत्यकथा' होते. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनाखालील या मासिकाने संयम हेच सौंदर्य मानले. मौज प्रिंटिंग ब्युरोची निर्दोष छपाई, काटेकोर मुद्रितशोधन, मोजके समास आणि अलंकाराचा अभाव यांमुळे 'सत्यकथे'चे पान पाहताच त्यामागची वाङ्मयीन शिस्त जाणवत असे. म्हणजेच तेथे मांडणी हे मूल्यविधान होते. येथे छापले गेलेले लेखन पारखून घेतलेले आहे, असे ते पान वाचकाला सांगत असे. नव्या पिढीचा संघर्ष या पारखण्याच्या अधिकाराशी होता. त्यामुळे तो या पानाशीही असणे स्वाभाविक होते.

२. तंत्र आणि त्याचे व्याकरण

१९५४-५५ च्या सुमारास दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ आदी तरुणांनी मुंबईत 'शब्द' हे सायक्लोस्टाइल केलेले नियतकालिक सुरू केले. मराठी लघुनियतकालिकांचा प्रारंभ सामान्यतः येथून मानला जातो. चित्रे यांच्या घरातच नियतकालिकाची परंपरा होती. त्यांचे वडील पु. आ. चित्रे यांनी १९४३ मध्ये बडोद्याहून 'अभिरुची' सुरू केले होते आणि बा. सी. मर्ढेकरांसारख्या नव्या कवीला त्यात स्थान मिळाले होते. छापील मासिक कसे निघते हे ठाऊक असलेल्यांनी सायक्लोस्टाइलची वाट धरली, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे.

खिळ्यांच्या छपाईत देवनागरीसाठी जोडाक्षरे, काना-मात्रा आणि वेलांट्या धरून शेकडो प्रकारचे खिळे लागत. जुळारी ते एकेक करून स्टिकमध्ये लावी. छापखान्यात पानावरची पांढरी जागाही फुकट मिळत नसे, कारण ती शिशाचे अथवा लाकडाचे तुकडे भरून घडवावी लागे. कवितेची ओळ मध्येच तोडायची, तिरपी न्यायची किंवा दोन शब्दांत विलक्षण अंतर सोडायचे तर जुळाऱ्याचे काम आणि खर्च दोन्ही वाढत. शिवाय मजकूर जुळारी, मुद्रितशोधक आणि छापखान्याचा मालक अशा अनेक नजरांखालून जाई. एखादा शब्द अश्लील वा आक्षेपार्ह वाटला तर छापखान्यातच काम अडत असे. 'काही कविता' या संग्रहाबद्दल मर्ढेकरांवर १९४८ मध्ये झालेला अश्लीलतेचा खटला ताजा असताना ही भीती निराधार नव्हती.

सायक्लोस्टाइलमध्ये मेण चढवलेल्या कागदावर टंकलेखन यंत्राने अथवा टोकदार लेखणीने मजकूर कोरला जाई आणि त्या चिरांतून शाई खालच्या कागदावर उतरे. या पद्धतीच्या मर्यादा उघड होत्या. स्टेन्सिल काही शे प्रतींनंतर फाटे. मोठा काळा भाग उठवता येत नसे. शाई पाठपानावर उमटे. मराठी टंकलेखन यंत्रावर सुमारे नव्वद चिन्हांत सारी लिपी बसवलेली असल्याने जोडाक्षरे मोडून, विजोड दिसत. पण याच पद्धतीने काही गोष्टी प्रथमच शक्य केल्या. लेखणीने ओढलेली रेघ आणि लिहिलेले अक्षर एकाच कृतीतून येत असल्याने चित्र व मजकूर यांच्यातील भिंत नाहीशी झाली. चित्रासाठी वेगळा ब्लॉक करण्याची गरज उरली नाही. पांढरी जागा फुकट झाली. मुख्य म्हणजे लेखक आणि वाचक यांच्यामधील नजरा कमी झाल्या.

या संदर्भात मिरजेचे एक जुने उदाहरण उद्बोधक ठरते. १८०५ मध्ये पटवर्धनांच्या मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली. तेथे सुटे खिळे नव्हते, संपूर्ण पान हाताने कोरलेले होते. त्यामुळे छापील असूनही ते हस्तलिखित पोथीसारखे दिसे. पुढे दीडशे वर्षे मराठी मुद्रण सुट्या खिळ्यांच्या दिशेने गेले आणि अक्षर हातापासून दूर झाले. स्टेन्सिलने हाताचे अक्षर पुन्हा पानावर आणले. पोथीत ते अक्षर पावित्र्याचे होते, लघुनियतकालिकात ते व्यक्तीचे झाले. तंत्राचे साम्य असूनही अर्थ पूर्णतः बदलला, तो वापरणाऱ्यांच्या भूमिकेमुळे.

३. नाव हेच मुखचित्र

'विविधज्ञानविस्तार', 'निबंधमाला', 'मनोरंजन', 'ज्योत्स्ना' ही जुन्या नियतकालिकांची नावे एकतर कार्य सांगतात किंवा सौंदर्य सुचवतात. त्यांच्या शेजारी 'शब्द', 'असो', 'वाचा', 'फक्त', 'येरू', 'आत्ता', 'अबकडई' ही नावे ठेवली की भेद लगेच ध्यानात येतो. ही नावे बहुतांशी दोन-तीन अक्षरांची आहेत. छोटे नाव मोठ्या अक्षरात लिहिता येते आणि चित्रकाराविनाही मुखपृष्ठ भरून निघते. हा व्यावहारिक फायदा झाला. परंतु नावांची निवड केवळ लांबीवरून झालेली नाही. 'असो' हा बोलण्यात विषय संपवण्याचा उद्गार आहे, तो येथे प्रारंभी येतो. चंद्रकांत पाटील व भालचंद्र नेमाडे यांच्याशी निगडित असलेले 'वाचा' हे औरंगाबादचे नियतकालिक एकाच वेळी आज्ञा करते आणि 'वाणी' हा संस्कृत अर्थही जागा ठेवते. सतीश काळसेकर यांचे 'फक्त' स्वतःच्या आधी-नंतरचे काहीच सांगत नाही. राजा ढाले यांचे 'येरू' बोलीतल्या बावळटाचे नाव घेते, तर जुन्या मराठीत 'येरू' म्हणजे 'दुसरा', 'इतर'. प्रस्थापितांच्या दृष्टीने जो इतर आणि अडाणी, तोच येथे मथळा झाला. चंद्रकांत खोत यांच्या 'अबकडई'त तर मुळाक्षरेच नाव बनतात. तेथे अर्थापूर्वी अक्षर दिसते.

नावांच्या या शैलीची जागतिक समांतरे आहेत. विंडहॅम लुइस यांनी १९१४ मध्ये लंडनमध्ये काढलेल्या 'ब्लास्ट'च्या मुखपृष्ठावर एकच शब्द ठळक अक्षरांत तिरपा धावतो. अलाहाबादहून १९६५ मध्ये अरविंद कृष्ण मेहरोत्रा व त्यांच्या मित्रांनी काढलेले 'डॅम यू' हे इंग्रजी सायक्लोस्टाइल नियतकालिक नावातूनच वाचकाला डिवचते. १९६१ नंतर बंगालमधील 'हंग्री' पिढीने पत्रकांच्या स्वरूपात लेखन वाटले. शहाणे यांचा बंगाली साहित्याशी निकटचा परिचय होता. मात्र मराठी नावे ही या नावांची भाषांतरे नाहीत. त्यांचा परिणाम मराठी बोलण्याच्या लकबींवर उभा आहे.

४. लिपी, शुद्धलेखन आणि पानाचे रूप

युरोपीय प्रयोगशील कवींना रोमन लिपीने एक सोय दिली होती. मोठ्या व लहान लिपीतील भेद मोडून पानावर बंड दाखवता येत असे. देवनागरीत हा भेद नाही. शिरोरेषेमुळे शब्द एकसंध दिसतो आणि अक्षरे सुटी करणे लिपीच्या प्रकृतीविरुद्ध जाते. म्हणून मराठीत दृश्य प्रयोगाचा मार्ग वेगळा झाला : विरामचिन्हांचा त्याग, ओळींची मोडणी आणि मुख्यतः लेखननियमांशी खेळ.

येथे काळाचा योग महत्त्वाचा आहे. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. भाषेचे प्रमाणीकरण होत असतानाच लघुनियतकालिकांतील लेखन बोलण्याच्या जवळ जात होते. 'केले', 'गेले', 'सांगितले'ऐवजी 'केलं', 'गेलं', 'सांगितलं' असे निवेदनातही येऊ लागले. याचा परिणाम कानाइतकाच डोळ्यांवर होतो. मात्रांची जागा अनुस्वारांनी घेतली की पानाचा वरचा काठ बदलतो. ग्रांथिक मराठीची सवय असलेल्या वाचकाला असे पान वाचण्यापूर्वीच 'वेगळे' वाटे. म्हणून शुद्धलेखन हा या नियतकालिकांच्या बाबतीत व्याकरणाबरोबरच दृश्य शैलीचाही प्रश्न ठरतो. अशोक शहाणे यांनी १९६३ मध्ये 'मनोहर'मध्ये लिहिलेल्या 'आजकालच्या मराठी वाङ्मयावर क्ष-किरण' या लेखात समकालीन साहित्याची झाडाझडती घेतली. किर्लोस्करवाडीत जन्मलेल्या मासिकानेच हा लेख छापावा, यावरून सुबक परंपरा आणि बंडखोरी यांच्यातील सीमारेषा वाटते तितकी बंद नव्हती, हेही स्पष्ट होते.

५. कोलटकर : दोन पानांचा एक कलावंत

'निवड की निरुपाय' या प्रश्नाची सर्वांत चांगली कसोटी अरुण कोलटकर यांच्या उदाहरणात मिळते. कोल्हापूरचे कोलटकर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेशी संबंधित होते आणि जाहिरात क्षेत्रातील नामवंत कलादिग्दर्शक म्हणून त्यांनी उपजीविका केली. उत्तम कागद, अक्षर आणि छपाई म्हणजे काय, हे त्यांना दैनंदिन कामातून ठाऊक होते. तरीही त्यांच्या कविता सायक्लोस्टाइल पानांवर आणि अल्पसंख्य वाचकांच्या नियतकालिकांत येत राहिल्या. जाहिरातीचे पान वाचकाला काही विकत घ्यायला प्रवृत्त करते. त्या पानाचा कारागीर आपली कविता त्या मोहिनीपासून दूर ठेवतो, ही निवड मानावी लागते.

परंतु ओबडधोबडपणा हे त्यांचे तत्त्व नव्हते. मेहरोत्रा, आदिल जस्सावाला आणि गीव्ह पटेल यांच्यासह उभारलेल्या 'क्लिअरिंग हाउस' या कवींच्या सहकारी प्रकाशनाने १९७६ मध्ये इंग्रजी 'जेजुरी' काढले. त्या प्रकाशनाच्या पुस्तकांचे दृश्य रूप कोलटकरांनी घडवले. 'जेजुरी'तील एका कवितेत कोंबड्यांचे नाचणे दाखवण्यासाठी वर-खाली या अर्थाचे शब्द पानभर विखुरलेले आहेत. तेथे मांडणी काढून घेतली तर कविताच उरत नाही. १९७७ मध्ये शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने 'अरुण कोलटकरच्या कविता' प्रसिद्ध केल्या. म्हणजे साधने हाती येताच या मंडळींनी मांडणीत कमालीची काळजी घेतली. यावरून असा निकष मांडता येतो : साधने सुधारल्यावर जे वैशिष्ट्य गळून पडते तो निरुपाय, आणि साधने सुधारल्यावरही जे टिकते ती निवड. पुसट शाई, फाटकी स्टेन्सिल आणि मुद्रणदोष गळून पडले. हाताचे अक्षर, मोकळी जागा, छोटे नाव आणि अलंकाराला नकार टिकून राहिले.

६. ढाले आणि प्रतिकाराचे पान

राजा ढाले यांच्या बाबतीत हाच प्रश्न सामाजिक परिमाण धारण करतो. 'सत्यकथेची सत्यकथा' हा त्यांचा लेख आणि १९६९ मध्ये खटाववाडीत झालेले 'सत्यकथे'च्या अंकाचे दहन या घटनांकडे सहसा साहित्यिक वाद म्हणून पाहिले जाते. परंतु दहन कल्पनेचे होत नाही, ते वस्तूचे होते. जो अंक जाळला गेला, त्याचे देखणेपण हा त्याच्या अधिकाराचा भाग होता. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्यातून आलेल्या लेखकाने स्वतः पान लिहिणे, छापणे आणि हातोहात वाटणे याचा अर्थ मध्यमवर्गीय बंडखोराच्या तशाच कृतीपेक्षा अधिक खोल आहे. १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, ज. वि. पवार यांच्यासह ढाले 'दलित पँथर'च्या स्थापनेत अग्रभागी होते. पत्रक, भित्तिपत्रक, लघुनियतकालिक आणि सभेतील भाषण यांच्यातील अंतर या काळात फार कमी झाले. त्याच वेळी गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने नियमित, वाचनीय आणि टिकाऊ नियतकालिकाचा मार्ग पत्करला. दलित साहित्याला स्फोटक पत्रकाची जशी गरज होती, तशीच ग्रंथालयात बसणाऱ्या अंकाचीही होती. एकच दृश्य शैली 'खरी बंडखोर' आणि दुसरी 'तडजोडीची' असे म्हणता येणार नाही.

७. संगणकानंतरचा बदल आणि जतनाचा प्रश्न

१९९० नंतर संगणकीय अक्षरजुळणीने चित्र बदलले. हेमंत दिवटे यांचे 'अभिधानंतर', कवी-चित्रकार मंगेश नारायणराव काळे यांचे 'खेळ' यांसारख्या नियतकालिकांना नीटस छपाई परवडू लागली. आता साधेपणा हा निरुपाय उरला नाही. मात्र सर्वांना तेच मोजके अक्षरसाचे उपलब्ध झाल्याने पाने एकमेकांसारखी दिसू लागण्याचा नवा धोका निर्माण झाला. मराठीत दृश्यकविता लिहिणारे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी 'मंगल' हा देवनागरी अक्षरसाचा घडवला, हा या इतिहासातील अर्थपूर्ण योग आहे. अक्षराशी खेळणाऱ्या कवीचेच अक्षर कोट्यवधी पडद्यांवर प्रमाण झाले.

या सर्व विवेचनाचा व्यावहारिक परिणाम जतनाशी निगडित आहे. लघुनियतकालिकांतील साहित्य पुढे संग्रहांत व निवडक संपादनांत आले, तेव्हा ते एकसारख्या छापील अक्षरांत आले. मजकूर वाचला, पण पान हरवले. ग्रंथालयांत अंक बांधताना मुखपृष्ठे व जाहिराती काढून टाकण्याची प्रथा सर्वपरिचित आहे. कमी प्रतीचा कागद आम्लतेमुळे पिवळा पडून तुटतो. संगणकयुगातील अंकांचीही स्थिती निर्धोक नाही, कारण युनिकोडपूर्व अक्षरसाच्यांतील संचिका रूपांतराविना आज नीट उघडत नाहीत. सांगलीच्या संदर्भात ही चिंता अधिक तीव्र होते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीतील जिल्हा नगर वाचनालयाचे हजारो ग्रंथ भिजले. नामांकित ग्रंथाची दुसरी प्रत अन्यत्र मिळू शकते, परंतु काही शे प्रती निघालेल्या अंकाची ती मिळेलच असे नाही.

यासाठी महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या आवाक्यातील काही उपाय सुचवता येतात. अंक मुखपृष्ठासह व जाहिरातींसह बांधावेत अथवा न बांधता पेटीत ठेवावेत. नोंदणीत पृष्ठसंख्येबरोबर आकार आणि छपाईची पद्धत नोंदवावी. प्रतिमांकन करताना केवळ मजकुराची चौकट न घेता कागदाच्या कडांसह, रंगीत आणि पाठपोट संपूर्ण पान घ्यावे. दुर्मीळ अंक तळमजल्यावर ठेवू नयेत आणि त्यांच्या प्रतिमांची एक प्रत पूररेषेबाहेरच्या ठिकाणी असावी.

निष्कर्ष

१. लघुनियतकालिकांचे दृश्य रूप केवळ आर्थिक अडचणीतून किंवा केवळ बंडखोरीतून आलेले नाही. तंत्राच्या मर्यादेने दिलेल्या शक्यतांचा भूमिकेने केलेला वापर, असे त्याचे वर्णन करता येते.

२. साधने सुधारल्यावर टिकून राहिलेली वैशिष्ट्ये हीच या शैलीची खरी ओळख होय. या निकषाने हाताचे अक्षर, मोकळी जागा, छोटी व बोलभाषेतील नावे आणि अलंकाराला नकार ही वैशिष्ट्ये ठळक होतात.

३. देवनागरीच्या प्रकृतीमुळे मराठीतील दृश्य प्रयोग युरोपीय प्रयोगांची नक्कल राहिला नाही. बोलीनिष्ठ लेखन हा त्याचा स्वतंत्र मार्ग ठरला.

४. मांडणी हा अधिकाराचा प्रश्न असल्याने दलित लेखकांच्या बाबतीत पानाच्या रूपाला स्वतंत्र सामाजिक अर्थ आहे.

५. मजकुराचे पुनर्मुद्रण म्हणजे नियतकालिकाचे जतन नव्हे. मूळ अंक वस्तू म्हणून सांभाळले गेले नाहीत, तर या चळवळीचा अर्धा पुरावा अभ्यासकांच्या हातून कायमचा निसटेल, आणि उरलेल्या मजकुरावरून ती नेमकी कशाविरुद्ध उभी होती हे पुढच्या पिढीला समजावून सांगणे कठीण होईल.